नोंद उरली, पुस्तक गेले

दिवाळी आठ दिवसांवर आली की आमच्या घरात पहिली हालचाल होते ती माळ्यावर. चकलीचा सोऱ्या शोधण्याच्या निमित्ताने कोणीतरी शिडी लावतो आणि सोऱ्याबरोबर वर्षानुवर्षांचा कागद खाली येतो. जुनी मासिके, वेष्टन गेलेल्या कादंबऱ्या, कोणाच्या तरी मुंजीत वाटलेली स्तोत्रांची पुस्तके, पंचांगे. दुपारी दारात रद्दीवाला बसतो. त्याच्या ताजव्याच्या एका पारड्यात लोखंडी वजन असते आणि दुसऱ्यात आपल्या आजोबांचे वाचन. दहा मिनिटांत व्यवहार आटोपतो. माळा मोकळा होतो, घर प्रसन्न दिसू लागते आणि मुलांना फुलबाज्यांची दोन पुडकी मिळतात. ह्यात कोणाचे फार चुकते असे मला म्हणावयाचे नाही. घरे लहान आहेत, जागेला भाव आहे आणि जुन्या कागदाला वजनापलीकडे किंमत आहे हे आपल्याला कोणी सांगितलेले नसते.

आज मला ज्या ग्रंथाविषयी लिहावयाचे आहे तो ह्या ताजव्याच्या नेमक्या उलट वृत्तीतून जन्माला आला. शंकर गणेश दाते यांची ‘मराठी ग्रंथसूची’. तिचा पहिला भाग दुसऱ्या महायुद्धाच्या काळात निघाला. त्यात इ. स. १८०० पासून १९३७ पर्यंतच्या मराठी पुस्तकांच्या नोंदी आहेत. १९३८ ते १९५० ह्या वर्षांचा दुसरा भाग १९६१ साली निघाला आणि १९६४ साली दाते वारले. दीडशे वर्षांच्या मराठी छापील पुस्तकांचा हिशेब एका माणसाने आपल्या हयातीत मांडून दिला, एवढे एक वाक्य त्यांच्या चरित्राला पुरे आहे.

दिवाळीच्या अंकात सूचीवर लेख म्हणजे फराळाच्या ताटात सुंठेचा काढा, असे काही वाचकांना वाटेल. मलाही पूर्वी तसेच वाटत असे. मी गावच्या शाळेत मराठी शिकवणारा, विद्यापीठाचे तोंड न पाहिलेला माणूस. कादंबऱ्या लिहितो. सूची हे संशोधकांचे हत्यार, आपला तिच्याशी काय संबंध, अशा समजुतीत माझी पुष्कळ वर्षे गेली. ती समजूत कशी मोडली ते पुढे येईलच. आधी ह्या ग्रंथाची योग्यता सांगतो.

वाङ्मयाचा इतिहास लिहिणारा माणूस लग्नघरातील मानपान पाहणाऱ्या कारभाऱ्यासारखा असतो. कोणाला लोड द्यावयाचा, कोणाला सतरंजीवर बसवावयाचे आणि कोणाला आमंत्रणच धाडावयाचे नाही, हे तो ठरवितो. ते त्याचे कामच आहे, आणि त्याच्या निवडीवर भांडण्यात आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या आनंद मिळाला आहे. सूचिकाराला ही चैन नाही. पंगतीला आलेल्या प्रत्येकाचे पान त्याला मांडावे लागते. पुस्तक थोर की टाकाऊ हे त्याने पाहावयाचे नाही. ते निघाले होते, अमक्या साली, अमक्या गावी, अमक्याने लिहिले, इतकेच त्याने सांगावयाचे.

ही समदृष्टी हाच दात्यांच्या सूचीचा मोठा वाङ्मयीन गुण आहे. ती पाने चाळताना मराठी माणूस दीडशे वर्षे काय वाचीत होता हे दिसते, आणि ते आपल्या पाठ्यपुस्तकांत दिसते त्याहून फार निराळे आहे. आपण शाळेत निबंधमाला, केशवसुत, हरिभाऊ आपटे असे एका शिखरावरून दुसऱ्यावर उड्या मारीत शिकवतो. पण शिखरे उभी असतात ती पायथ्यावर. व्रतकथा, लावण्यांची चोपडी, वैद्यकाची पुस्तके, पत्रलेखनाचे नमुने, शाळेची गणिते हा तो पायथा. १८७५ साली रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे ‘सूपशास्त्र’ निघाले. १९१० साली लक्ष्मीबाई धुरंधर यांचे ‘गृहिणी-मित्र’ निघाले आणि किती तरी घरांत लेकीबरोबर सासरी गेले. वाङ्मयाच्या इतिहासात ह्या पुस्तकांना क्वचितच जागा मिळते. पण एखादी कादंबरी १९१० सालच्या स्वयंपाकघरात घडत असेल, तर लेखकाला त्या वेळच्या प्रतिष्ठित कादंबऱ्यांपेक्षा ‘गृहिणी-मित्र’ अधिक काही सांगेल, हे मी स्वानुभवाने म्हणतो.

सूची करणे म्हणजे यादी उतरविणे नव्हे. ह्या कामात विद्वत्ता कोठे लागते ते वाचकांना दोन उदाहरणांनी कळेल. जुन्या पुस्तकांवर बहुधा शक असतो, सन नसतो. शकात अठ्ठ्याहत्तर मिळवले की इसवी सन निघतो असे आम्ही मुलांना शिकवतो. परंतु शक बदलतो चैत्रात आणि सन बदलतो जानेवारीत. म्हणून शके १७८९ च्या माघात छापलेले पुस्तक १८६७ चे नव्हे, १८६८ चे. मुखपृष्ठावर महिना दिला नसेल, तर सूचिकाराने काय करावे? प्रस्तावनेखालची मिती शोधावी, नसेल तर शंका तशीच नोंदवावी. एका वर्षाचा फरक क्षुल्लक वाटतो, पण कोणते पुस्तक आधीचे आणि कोणते नंतरचे, कोणी कोणाचे उचलले, हे वाद त्या एका वर्षावर उभे राहतात.

दुसरा घोळ नावांचा. १९३३ साली ‘कळ्यांचे निःश्वास’ निघाले तेव्हा विभावरी शिरूरकर कोण ह्यावर महाराष्ट्रात केवढा गदारोळ उडाला! माहेरच्या बाळूताई खरे, सासरच्या मालतीबाई बेडेकर आणि पुस्तकावरच्या विभावरी शिरूरकर ही तीन नावे एकाच बाईंची. सूचीत ती तीन ठिकाणी पडली आणि त्यांना जोडणारा धागा राहिला नाही, तर शंभर वर्षांनी कोणी भाबडा अभ्यासक त्यांना तीन लेखिका समजेल. ह्या बाई निदान प्रसिद्ध होत्या. ज्यांनी एकच पुस्तक लिहिले आणि तेही ‘एक गृहस्थ’ अशा सहीने, त्यांचे काय? ग्रंथालयाच्या लाकडी खणांत पितळी दांडीला ओवलेली जी कार्डे आपण पाहतो, त्यांतील प्रत्येकामागे असा एखादा निवाडा असतो. तो चुकला तर पुस्तक कपाटात असूनही हरवते.

दात्यांच्या आधी याद्या झाल्याच नव्हत्या असे नाही. १८६७ साली इंग्रज सरकारने पुस्तकांच्या नोंदणीचा कायदा केला. छापखान्यांवर नियंत्रण हा त्याचा एक हेतू होता आणि प्रतींचे जतन हाही एक हेतू त्यात लिहिलेला होता. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधील मराठी आणि गुजराती छापील पुस्तकांची ब्लुमहार्ट यांनी केलेली सूची १८९२ सालीच छापून निघाली. म्हणजे आपली पुस्तके मोजण्याचे काम आपल्याआधी राज्यकर्त्यांनी केले. त्यांची मोजणी दप्तरासाठी होती. दात्यांची वाचकासाठी आहे. सरकारी नोंदीत पुस्तक हे प्रकरण असते, दात्यांच्या नोंदीत ते कुळातील माणूस असते.

अभ्यासकांनी १८६७ पर्यंतच्या मराठी छापील पुस्तकांना ‘दोलामुद्रिते’ असे सुंदर नाव दिले आहे. दोला म्हणजे पाळणा. मराठी मुद्रण पाळण्यात होते तेव्हाची ही पुस्तके. हा पाळणा हलत होता तोही किती लांबलांबच्या ठिकाणी! विल्यम केरी यांचे मराठी व्याकरण १८०५ साली बंगालमध्ये सेरामपूरला छापले गेले. ‘बालबोध मुक्तावली’ हे इसापनीतीचे मराठी पुस्तक १८०६ साली तंजावरला, सरफोजी राजांच्या छापखान्यात निघाले. आणि मराठी मजकुराची छपाई ह्याच्याही जवळजवळ दोनशे वर्षे आधीची आहे. फादर स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ गोमंतकात राशोल येथे १६१६ साली रोमन लिपीत छापले गेले.

ह्या ‘ख्रिस्तपुराणा’ची कथा ऐकण्यासारखी आहे. १६१६ नंतर १६४९ आणि १६५४ साली ते पुन्हा छापले गेले. आज त्या तीनही आवृत्त्यांची एकही प्रत उपलब्ध नाही. ग्रंथ वाचला तो गोव्या-मंगळुराकडच्या भाविकांनी हाताने उतरवून घेतलेल्या पोथ्यांमुळे. १९०७ साली मंगळूरला तो पुन्हा छापला गेला तो ह्या हस्तलिखितांवरून. छापले की पुस्तक अमर होते ही आपली समजूत किती पोकळ आहे, ते ह्या एका गोष्टीवरून कळावे.

ह्याच्या उलट गोष्ट बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांच्या ‘स्त्रीपुरुषतुलने’ची. १८८२ साली ते लहानसे पुस्तक निघाले. महात्मा फुल्यांनी त्याची पाठराखण केली, आणि पुढे महाराष्ट्र त्याला पार विसरला. १९७५ साली स. गं. मालशे यांनी ते पुन्हा प्रसिद्ध केले, तेव्हा मधे त्र्याण्णव वर्षे लोटली होती. आज ह्या पुस्तकावाचून स्त्रियांच्या लेखनाचा इतिहास सांगताच येत नाही. एखादी प्रत एखाद्या कपाटात शिल्लक राहिली म्हणूनच हे घडले. त्र्याण्णव वर्षांतील कोणत्याही दिवाळीला कोणी ते कपाट उत्साहाने साफ केले असते तर?

जुने पुस्तक म्हणजे नाजूक, हीही एक चुकीची समजूत आहे. पाळण्यातली ही पुस्तके पुष्कळदा त्यांच्या नातवंडांपेक्षा धडधाकट असतात. पूर्वीचा कागद चिंध्यांच्या लगद्याचा असे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लाकडाच्या लगद्याचा स्वस्त कागद पसरला. त्यात शाई फुटू नये म्हणून तुरटी आणि राळ घालीत. त्या तुरटीतून कागदात आम्ल तयार होते आणि ते कागदाला आतून खात राहते. म्हणून १८४० सालचे पान अजून दुमडता येते आणि १९४५ सालचे पान दुमडताच बिस्किटासारखे तुटते. वाळवी आणि कसर हे बाहेरचे शत्रू. त्यांच्यासाठी आपल्या आजीबाई वेखंडाची पुरचुंडी आणि कडुनिंबाचा पाला ठेवीत. पण हा आतला शत्रू पुरचुंडीला दाद देत नाही. त्याला थंड, कोरडी, काळोखी जागा लागते, आम्ल मारणारे उपचार लागतात, आणि हे सारे करण्यासाठी मुळात आपल्यापाशी काय आहे ते माहीत असावे लागते. म्हणजे पुन्हा सूचीच.

आता माझी गोष्ट. पुष्कळ वर्षांपूर्वी आमच्या शाळेत ग्रंथालयाचे काम माझ्याकडे आले. प्रयोगाच्या साहित्यासाठी कपाट हवे होते आणि त्या कपाटात जुनी पुस्तके होती. फाटकी पुस्तके काढून टाकण्याची एक रीतसर पद्धत असते. तिला निर्लेखन म्हणतात. यादी करावयाची, मंजुरी घ्यावयाची, मग वजनावर विक्री. माझे अक्षर चांगले म्हणून यादी मीच केली. दाखल क्रमांक, नाव, शेरा असे रकाने आखले. शेऱ्याच्या रकान्यात पहिल्या पुस्तकासमोर ‘जीर्ण’ असे लिहिले आणि खाली चार पानांपर्यंत ‘वरीलप्रमाणे’ची खूण ओढीत गेलो. मुख्याध्यापकांनी नीटनेटकेपणाबद्दल शाबासकी दिली.

पुढे मी एका शिळाछापखान्याच्या मालकावर कादंबरी लिहावयास घेतली. आमच्याच भागातली, शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीची. माहितीच्या शोधात एका मोठ्या ग्रंथालयात दात्यांची सूची प्रथमच हाती घेतली, आणि पाहतो तो आमच्याच तालुक्याच्या गावी शिळाप्रेसवर छापलेल्या एका चिमुकल्या पुस्तकाची नोंद! गावच्या जत्रेचे वर्णन. मला हर्षाने बसवेना. मग ते पुस्तक पाहण्यासाठी तीन ग्रंथालये पालथी घातली. एका ठिकाणी खणात कार्ड होते, कपाटात पुस्तक नव्हते. दुसऱ्या ठिकाणी कार्डही नव्हते. तिसऱ्या ठिकाणच्या ग्रंथपालांनी माझ्याबरोबर दोन दिवस धूळ खाल्ली आणि शेवटी म्हणाले, “गुरुजी, अशी पुस्तके आता गावाकडेच मिळाली तर मिळायची. तुमच्या शाळेचे जुने कपाट पाहिलेत का?”

घरी येईपर्यंत माझ्या मनात काहीतरी हलू लागले होते. दुसऱ्या दिवशी शाळेतील जुनी दाखल-नोंदवही काढली. तिच्यात ते पुस्तक होते. नाव, साल, छापखाना, गावातील एका सावकाराने दिलेली देणगी, सारे वळणदार अक्षरात. आणि त्या ओळीवर तांबड्या शाईने ‘निर्लेखित’ असे लिहून खाली सही केली होती. सही माझी होती.

ते पुस्तक माझ्या हातातून गेले होते, आणि त्याचे वेष्टन कोणत्या रंगाचे होते हेसुद्धा मला आठवत नाही. कादंबरी पुरी झाली. जत्रेचे प्रकरण मी कल्पनेने रचले. वाचकांनी नेमक्या त्याच प्रकरणाची वाखाणणी केली. मला ते अजून वाचवत नाही.

म्हणून दात्यांच्या सूचीची थोरवी मान्य करूनही तिच्यापुढे, किंवा खरे म्हणजे तिच्या आपल्या वाचकांपुढे, एक तक्रार मांडावीशी वाटते. आपण नोंदीलाच जपणूक समजून बसलो. सूची निघाली, आपण टाळ्या वाजविल्या आणि पुस्तके जिथे होती तिथे कुजू दिली. सूची सांगते की पुस्तक होते. ते आज आहे का, हे तिला कसे सांगता येणार? त्यासाठी प्रत्येक पिढीने सूची हातात घेऊन कपाटापाशी जावयास हवे. नोंद आणि प्रत ह्यांची गाठ तुटली की सूची ही मृतांची नामावळी होते, आणि दात्यांनी ती त्यासाठी खचितच केली नव्हती.

दुसरी मर्यादा त्यांच्या कामाची नसून त्याच्या स्वरूपाची आहे. ग्रंथसूचीत ग्रंथ येतात, मासिके नाहीत. मराठी कथा-कवितेचा अर्धा संसार तर मासिकांत झाला. १८०० ते १९५० ह्या काळातील नियतकालिकांची सूचीही दात्यांनी सहकाऱ्यांबरोबर केली, आणि ती त्यांच्या पश्चात १९६९ साली मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाने काढली. परंतु मासिकाचे नाव कळले म्हणून त्यातील लेख कळत नाहीत. त्यात बांधणी करणाऱ्यांची रीत अशी की, वर्षाचे अंक एकत्र शिवताना वेष्टने आणि जाहिराती फाडून टाकावयाच्या. त्या काळी लोक कोणते तेल डोक्याला लावीत आणि कोणते चित्र पाहून अंक विकत घेत, हे सारे बांधणीच्या कातरीखाली गेले.

आता यंत्रांनी पानांच्या प्रतिमा घेता येतात आणि घरबसल्या वाचता येतात. मी त्याचे मनापासून स्वागत करतो. माझ्यासारख्या तालुक्याच्या वाचकाला त्याने मुंबई-पुण्याचे भाडे वाचविले आहे. पण घाईने घेतलेल्या प्रतिमांत घडीचे नकाशे अर्धेच येतात, समासातील हस्ताक्षरे कापली जातात, आणि प्रतिमा घेतली म्हणून मूळ प्रत टाकून देण्याचा मोह होतो. शिवाय प्रतिमांच्या त्या ढिगालाही सूची लागतेच. नाव चुकीचे घातले की संगणकातील पुस्तक कपाटातल्यापेक्षा लवकर हरवते.

कायद्याचे म्हणाल तर १८६७ चा तो जुना कायदा २०२३ च्या नव्या कायद्याने रद्द झाला, आणि नव्यात पुस्तकांचा समावेश नाही. प्रकाशकाने आपल्या पुस्तकाच्या प्रती कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि मुंबई, चेन्नई, दिल्ली येथील तीन ग्रंथालयांना पाठवाव्यात असा १९५४ चा कायदा आहे. सगळेच पाठवतात असे नाही. दात्यांच्या पुढील काळाच्या सूचीचे काम शरद केशव साठे यांनी केले. म्हणजे हा वसा घेणारे अजून निघतात. त्यांच्या पाठीशी उभी राहणारी माणसे मात्र थोडी आहेत.

आपण काय करावे? मोठ्या गोष्टी सांगण्याचा मला अधिकार नाही. ज्याच्या सहीने एक पुस्तक गेले, त्याने बेताने बोलावे. पण रद्दी बांधण्यापूर्वी प्रत्येक पुस्तकाचे पहिले पान उघडून पाहावे, एवढे कोणालाही जमेल. गाव, छापखाना आणि साल पाहावे. साल फार जुने असेल, किंवा छापखाना आपल्याच गावचा असेल, तर ते बाजूला काढून जवळच्या जुन्या ग्रंथसंग्रहालयाला एक पत्र टाकावे. मासिकांचेही तसेच. १९०९ साली काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला आणि ही प्रथा आपल्याकडे रुजली. आज तो अंक पाहावयाचा तर भल्याभल्यांना शोधाशोध करावी लागते. तुमच्या हातातील हा अंकही एक दिवस जुना होणार आहे.

त्या प्रसंगापासून आमच्या घरच्या रद्दीला दहा मिनिटांऐवजी दोन दिवस लागतात. घरची मंडळी कुरकुरतात. रद्दीवाला तर मागे म्हणालाच, “गुरुजी, विकायला काढता का वाचायला?” आजवर त्यात दुर्मीळ असे काही सापडले नाही. गेल्या वर्षी एक फाटके पंचांग मिळाले. त्याच्या समासात माझ्या आजीने वर्षभराचा दुधाचा हिशेब लिहिला होता, कार्तिकातल्या एका ओळीपुढे ‘पाडव्याला जास्त एक शेर’. त्याची नोंद कोणत्याही सूचीत नाही. मी एका कोऱ्या वहीत क्रमांक एक घालून ती केली आणि पंचांग वेखंडासह कपाटात ठेवले.